ऱ्हास झाला, पण कशाचा?

वाचकाचं पत्र

माझी पहिली कादंबरी लिहून झाली आहे. एका इनामदार घराण्याच्या तीन पिढ्या, काळ १८१८ ते १८६५. एका जाणकारांना हस्तलिखित वाचायला दिलं, तर त्यांनी ‘ऱ्हास’ या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने अकरा गोल केले आणि समासात एवढंच लिहिलं : ‘पुन्हा?’ मी कोश काढून अवनती, अधोगती, अपकर्ष, क्षय असे शब्द आलटूनपालटून घातले, तर वाचताना आणखीच खटकायला लागलं. नमुन्यादाखल पाच वाक्यं पाठवतो :

१. ‘१८१८ नंतर इनामदारांच्या घराण्याचा हळूहळू ऱ्हास होऊ लागला.’
२. ‘इनाम गेलं आणि घराचा अचानक ऱ्हास झाला.’
३. ‘वाड्याचा पार ऱ्हास झाला होता.’
४. आजी म्हणाली, ‘अरे, आपल्या घराचा ऱ्हास झाला रे!’
५. (प्रस्तावनेत) ‘मराठी समाजाच्या आणि साहित्याच्या ऱ्हासकाळाची ही कथा आहे.’

शिवाय शब्द लिहायचा कसा, ऱ्हास, र्हास की ह्रास, यावरही घरात वाद आहे. काय करावं?

उत्तर

वाक्यं उतरवून पाठवलीत ते बरं केलंत, कारण दुखणं पुनरुक्तीचं नाहीच. पाच वाक्यांत पाच निराळ्या गोष्टी घडताहेत आणि सगळ्यांना तुम्ही एकच नाव देऊन ठेवलंय. मग त्या नावाच्या जागी ‘अपकर्ष’ घाला नाहीतर ‘अधोगती’, चूक तिथेच राहते, फक्त जास्त जड होते. कोशात शेजारी बसणारे शब्द वाक्यात एकमेकांच्या जागा घेतात असं नाही.

आधी ‘ऱ्हास’चा स्वभाव बघा. मूळ संस्कृत ‘ह्रास’, धातू ‘ह्रस्’, म्हणजे कमी होणं, आखूड होणं. व्याकरणातला ‘ऱ्हस्व’ त्याचाच सख्खा भाऊ. मुळात या शब्दात रडणं नाही, माप आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सारखेपणा हे वाढीचं कारण आणि वेगळेपणा हे ऱ्हासाचं कारण, असं सूत्र येतं. तिथे वृद्धी आणि ह्रास ही कमीजास्त मोजायची जोडी आहे. मराठीत येता येता शब्द काळवंडला, पण मापाची सवय काही सुटली नाही. त्यामुळे त्याला आधी भरपूर असलेलं काहीतरी लागतं, पुष्कळ काळ लागतो, आणि लांब उभं राहून बघणारा कुणीतरी लागतो. जंगलाचा, विद्येचा, परंपरेचा ऱ्हास होतो. खुर्चीचा होत नाही. त्याच्याआधी ‘कशाचा?’ या प्रश्नाचं उत्तर देणारी षष्ठी हवीच. त्याला अनेकवचन नाही. आणि वर्तमानपत्रांनी तो ‘पर्यावरणाचा’ आणि ‘मूल्यांचा’ या दोन खुंट्यांना इतकी वर्षं टांगलाय की कादंबरीत तो दिसला की वाचकाच्या कानात अग्रलेख सुरू होतो.

एवढ्यावर तुमची पहिली दोन वाक्यं सुटतात. ‘हळूहळू ऱ्हास’मध्ये ‘हळूहळू’ फुकट आहे, कारण ऱ्हास हळूहळूच होतो. ‘अचानक ऱ्हास’ हे तर पोटातच फाटलेलं. अचानक होतो तो घात, नाश, वाटोळं. पण दुसऱ्या वाक्यात खरी गंमत अशी की तुमच्या काळाकडेच त्यासाठी नेमका शब्द पडलेला आहे : खालसा, म्हणजे सरकारजमा. मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला १८५२ च्या अकराव्या कायद्याने बळ मिळालं. सनद, दप्तरातली नोंद, वहिवाट यांचा पुरावा पटला नाही की इनाम खालसा. ही घटना आहे, तिला तारीख आहे, करणारा आहे, कागद आहे. ‘इनाम खालसा झालं’ हे तीन शब्द लिहा आणि पुढच्या पानावर तो कागद दाखवा. कुठली सनद सापडली नाही, की सापडली पण कसरीने शिक्क्याची जागाच खाल्ली होती? त्यानंतर जे होतं त्यालाही ऱ्हास म्हणू नका. त्याला गहाण, व्याज, मुदत, जप्ती अशी नावं आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. पैशाने घर बसतं तेव्हा पैशाचेच शब्द वापरावेत. ‘घसरण’ मात्र नको. त्या शब्दाला बाजारभावाचा वास येतो आणि १८५५ सालच्या ओसरीवर तो उपरा वाटतो.

तिसरं वाक्य वाड्याचं. वाडा म्हणजे दगड, माती, लाकूड. त्याची पडझड होते, तो मोडकळीला येतो, त्याला अवकळा येते, त्याची रया जाते. हे चारही शब्द रोजच्या बोलण्यातले, पण एकाचं काम दुसरा करत नाही. पडझड पावसाळ्यानंतर मोजता येते : एवढी भिंत, एवढी कौलं. मोडकळीला येणं हे सांगाड्याचं दुखणं. तुळईला वाळवी, कडीपाट झुकलेला. अवकळा डोळ्यांना दिसते, वाडा बाहेरून बघणाऱ्याला आधी तीच दिसते. रया जाते तेव्हा मात्र भिंती शाबूत असू शकतात. घर तेच, सारवलेलंही असतं, फक्त येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय तिथे ठरत नाही. तुमच्या दुसऱ्या पिढीच्या वाड्याची रया जायला हवी आणि तिसऱ्या पिढीचा मोडकळीला यायला हवा. उलट क्रमही चालतो, पण मग घरातली माणसं गरीब आणि दिमाखदार असायला लागतात आणि कादंबरी वेगळी होते.

नावातच हा विषय कसा हाताळता येतो त्याचा एक दाखला देतो. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ मध्ये रंगभूमीवर आलं. विषय पडत चाललेल्या वाड्याचा आणि घराण्याचा, पण नावात पडण्याचा शब्द नाही. आहे तो मजबुतीचा. ‘चिरेबंदी’ म्हणजे घडीव दगडांत बांधलेला. नाटक बघता बघता तो शब्द आतून पोकळ होत जातो, आणि अंगणात पडून असलेला बंद ट्रॅक्टर बाकीचं सांगतो. उताराची गोष्ट सांगायला चढाचा शब्द वापरणं ही जुनी आणि भरवशाची युक्ती. तुमच्या कादंबरीचं शीर्षक तुम्ही कळवलं नाहीत. त्यात ‘ऱ्हास’, ‘अस्त’ किंवा ‘अखेर’ असेल तर आत्ताच काढा.

आता ‘उतरती कळा’. पहिल्या वाक्याला हा शब्दप्रयोग बसेल, पण अटींवर. कळा म्हणजे चंद्राची कला. वद्य पक्षात ती रोज थोडी कमी होते, म्हणून उतरती. म्हणजे आधी चढती असायला हवी. गरिबाच्या झोपडीला उतरती कळा लागत नाही, तिला चढती कधी लागलेलीच नव्हती. तुमची कादंबरी १८१८ ला, म्हणजे पेशवाई बुडाल्यावरच उघडते. वाचकाने भरला वाडा पाहिलेलाच नाही. सुरुवातीची निदान पंधरा-वीस पानं तो भरलेला वाडा दाखवण्यावर खर्च करा, नाहीतर ‘उतरती कळा लागली’ हे वाचकाला केवळ तुमच्या सांगण्यावरून मान्य करावं लागेल. व्याकरणाचंही जपा : ही कळा एकवचनी आहे, घराण्याला ‘उतरती कळा लागली’. ‘उतरत्या कळा लागल्या’ असं लिहिलंत की वाचकाला पोटातल्या कळा आठवतात. ‘अवकळा’ याच कुळातली, आणि ‘मरणकळा’, ‘प्रेतकळा’ही, तिथे कळा म्हणजे चेहऱ्यावरचं तेज. त्यामुळे अवकळा येते ती दिसते, उतरती कळा लागते ती मात्र काही वर्षांनी मागे वळून पाहिल्यावर कळते. एकाच परिच्छेदात दोन्ही घातलीत तर दोन्हींची धार जाते.

पर्याय शोधताना आणखी काही शब्द हाताशी येतील, त्यांतले काही फसवे आहेत.

‘ओहोटी’त परत येण्याचं वचन आहे. किनाऱ्यावर साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते, हे समुद्राकाठच्या प्रत्येकाला अंगवळणी पडलेलं असतं. जे घराणं पुन्हा वर येणार नाही त्याच्या भाग्याला ओहोटी लावलीत तर वाचक शेवटपर्यंत भरतीची वाट बघत बसेल. कुणी आशावादी पात्र तो शब्द वापरत असेल, तर मात्र झकास. ‘उतार’ तर दुतोंडी. उतारवय म्हणजे ओसरता काळ, पण तापाला उतार पडला की घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘ओसरणं’ही तसंच, पूर ओसरतो तेव्हा कुणी रडत नाही. ‘झिजणं’ तर जवळजवळ स्तुतीच आहे. चंदन झिजतं, आई घरासाठी झिजते. ऐतखाऊ इनामदाराचं ‘झिजणं’ लिहिलंत की नकळत त्याची आरती ओवाळली जाते. ‘क्षय’ माणसाला लावला की रोग होतो. तिथीला, पुण्याला लावा. ‘अधोगती’ आणि ‘पतन’ यांत नीतीचा निवाडा आहे, माणूस घसरला तो स्वतःच्या पापाने असा. तुमचा दुसऱ्या पिढीतला नायक बदफैली असेल तर घ्या, नुसता बेहिशेबी असेल तर त्याच्यावर अन्याय होईल. ‘डबघाईला येणं’ धंद्याला, पेढीला शोभतं. ‘दशा’ वापरताना लक्षात ठेवा की मूळ अर्थ नुसता ‘अवस्था’. पण ‘काय दशा झाली!’ म्हणताना आपण चांगल्या दशेबद्दल कधीच बोलत नाही. शब्दाचाच अपकर्ष झालाय.

चौथं वाक्य, आजीचं. माझ्या मते अकरा गोलांतला हा सगळ्यात गंभीर. आजी ऱ्हास म्हणणार नाही. म्हणजे तिला शब्द ठाऊक नाही असं नव्हे, कीर्तनात ऐकला असेल. पण ज्याच्या घरात आग लागलीय तो ‘अग्निप्रलय’ म्हणत नाही. ती ‘वाटोळं झालं’ म्हणेल, ‘दृष्ट लागली’ म्हणेल, ‘लक्ष्मी रुसली’ म्हणेल. किंवा घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, यातलं अर्धंच म्हणेल : ‘वासे फिरले, बाबा.’ म्हण पुरी केली की ती पाठ म्हणून दाखवल्यासारखी होते, अर्धी तोडली की बोलणं होतं. आणखी चांगलं म्हणजे तिने घराबद्दल बोलूच नये. ‘आता चार पोळ्या कमी लाटते’ एवढं म्हणावं.

मग ‘ऱ्हास’ कुणाच्या तोंडी? अकरातला एक मी ठेवेन, आणि तो तिसऱ्या पिढीतल्या शिकलेल्या नातवाला देईन. १८६५ मध्ये तो वृत्तपत्राला पत्र लिहितो आहे : ‘आमच्यासारख्या कुळांचा ऱ्हास होण्याची कारणे पुढीलप्रमाणे’. त्याला आपल्याच घराकडे लांबून बघता यायला लागलंय, हे त्या एका शब्दाने कळतं. तो पत्र कुठे बसून लिहितो, ते खाली येतं.

कारण उरलेल्या दहांपैकी निदान चार ठिकाणी शब्दच नको, वस्तू हवी. वाड्यातली एक वस्तू निवडा, ती तीनदा दाखवा, दोन वेळांच्या मधे किमान पन्नास-साठ पानं जाऊ द्या, आणि दर वेळी तिच्यात एकच बदल करा. झोपाळा घेऊ.

पहिल्या भागात : ‘पाडव्याच्या आदल्या दिवशी झोपाळ्याच्या पितळी कड्या चिंच लावून घासायच्या, हे काम नव्या सुनेचं. घासून झाल्या की सासूबाई यायच्या आणि कडीत तोंड दिसतं का बघायच्या.’

दुसऱ्या भागात : ‘यंदा कड्या घासायच्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्या राहिल्या, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.’

तिसऱ्या भागात : ‘झोपाळा सुंभाने टांगला होता. बसताना आजोबांचा उजवा हात अजून कडी होती तिथे जायचा, आणि मग मांडीवर यायचा.’

कड्या कुठे गेल्या ते सांगू नका. त्याच कड्या सावकाराच्या ओसरीवर लटकताना दाखवायचा मोह होईल. आवरा, ते नाटकी होतं. आणि सुंभ आला म्हणून ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हणही तिथे डकवू नका. वाचकाच्या मनात ती आपोआप येईल, तुम्ही लिहिलीत तर यायची थांबेल. नातू पत्र लिहितो तो याच झोपाळ्यावर बसून. ‘ऱ्हास’ हा शब्द आणि सुंभाची करकर एका परिच्छेदात आली की निवेदकाला बोलायला काही शिल्लक राहत नाही.

या रीतीत एक गोष्ट हमखास बिघडते. लेखकाला एक वस्तू सापडली की तो दहा वस्तू गोळा करतो : फुटकी हंडी, विटलेली गादी, गंजलेली तलवार, बुरशीची पोथी. सगळं एकदम पडायला लागलं की वाडा खरा राहत नाही, पडद्यावर रंगवलेला होतो. खऱ्या घरात काही गोष्टी शेवटपर्यंत लख्ख असतात. देव घासलेले असतात, किंवा पानाचा डबा. अशी एक वस्तू मुद्दाम ठेवा.

पाचवं वाक्य प्रस्तावनेतलं. ‘मराठी समाजाच्या आणि साहित्याच्या ऱ्हासकाळाची कथा’. इथे शब्द योग्य जातीचा आहे, इतिहासकार असाच लांबून बघतो. पण षष्ठी चुकली. उत्तर पेशवाईत सत्तेचा ऱ्हास झाला हे खरं, १८१८ ला ती संपलीच. साहित्याचं तसं नाही. राम जोशी (१७६२–१८१२) आणि अनंत फंदी (१७४४–१८१९) हे शाहीर याच काळातले. होनाजी, परशराम, प्रभाकरही याच सुमाराचे. लावणी आणि पोवाडा ऐन भरात आले ते राज्य खचत असताना. कुणाला त्या लावणीचा शृंगार हेच ऱ्हासाचं लक्षण वाटतं, पण ते मत झालं, काळाचं नाव नव्हे. ‘ऱ्हासकाळ’ हा सामासिक शब्द धोक्याचा, कारण समासात षष्ठी गिळली जाते आणि कशाचा ऱ्हास हे सांगण्याची जबाबदारी टळते. समास सोडवा : ‘पेशवाईची सत्ता खचत गेली त्या काळानंतरची ही कथा.’ ‘साहित्य’ काढून टाका. तुमच्या कादंबरीत तसंही कुणी कवी नाही, असं वाक्यांवरून दिसतं.

लिहिण्याबद्दल. मराठीत ‘ऱ्हास’. ‘ह्रास’ हे संस्कृत रूप, हिंदीतही तेच. मराठी उच्चारात र आधी आला आणि ह मागे गेला, तसंच आपण लिहितो. जुन्या कोशात शब्द र मध्ये सापडला नाही तर ह मध्येही बघा. ‘र्हास’, म्हणजे ह च्या डोक्यावर रफार, ही चूकच. रफार आणि हा आडवा अर्धा र यांत मराठी भेद करते : दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या; आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा याच रांगेतले. कवितेत घेतलात तर मात्रा तीन, आणि हा ‘ऱ्ह’ मागच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात देत नाही. ‘तऱ्हा’मधला त लघूच राहतो.

टंकनात मात्र जपा. साधा र, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), मग ह असं दाबलं की रफार येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्टसह नुक्ता असलेला ऱ मिळतो. तो, मग हलन्त, मग ह. फोनवर घाईत र सुटला की उरतो ‘हास’, आणि हास म्हणजे हसू. जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलून घेतला असेल तर ‘-हास’ असं आडव्या रेघेचं भूतही निघतं. त्यात आणखी एक मेख : काही कळफलक हाच अर्धा र साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक घालून बनवतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. तुमच्या जाणकारांनी अकरा गोल डोळ्यांनी मोजले. तुम्ही फाइलमध्ये शोधाल तेव्हा आधी नुसतं ‘हास’ शोधा. त्यात इतिहास आणि उपहासही येतील, ते वगळा. पण ‘ह्रास’ सोडून बाकी सगळी रूपं एका फटक्यात सापडतील, आणि अकराचे चौदा निघाले तर दचकू नका.